श्रावणघेवडा : वेल की झुडूप? जातिनिवडीच्या प्रश्नाचे विवेचन

प्रास्ताविक

मराठीत ‘घेवडा’ हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना लावले जाते. वाल व पावटा ज्या वनस्पतीचे प्रकार आहेत, तिच्या काही वाणांनाही अनेक ठिकाणी घेवडाच म्हणतात. म्हणून आरंभीच हे स्पष्ट करणे अवश्य आहे की, प्रस्तुत लेखाचा विषय फॅसिओलस व्हल्गॅरिस ही वनस्पती होय. तिच्या कोवळ्या शेंगा भाजीसाठी वापरल्या म्हणजे आपण त्यांना श्रावणघेवडा अथवा फरसबी म्हणतो. पक्व व वाळलेले दाणे डाळवर्गीय धान्य म्हणून वापरले म्हणजे त्यांनाच राजमा हे नाव मिळते. वनस्पती एकच, फरक वाणांचा व उपयोगाचा आहे.

या वनस्पतीच्या लागवडीखालील वाणांचे स्थूलमानाने दोन वर्ग केले जातात. एक आधारावर चढणाऱ्या वेलींचा आणि दुसरा आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या बुटक्या झुडपांचा. यांपैकी कोणता वर्ग लावावा, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा दर हेक्टरी उत्पन्नाच्या आकड्यांनी दिले जाते. वेलीचे उत्पन्न अधिक, म्हणून वेल श्रेष्ठ. परंतु तिला आधार लागतो, म्हणून तो नसेल तर झुडूप लावावे, अशी काहीशी त्या उत्तराची धाटणी असते. हे उत्तर चुकीचे आहे असे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. वेल व झुडूप यांतील भेद हा मूलतः उंचीचा भेद नसून वाढ कोठे व केव्हा थांबते याचा भेद आहे. उत्पन्न, मजुरी, रोग व हवामानाची जोखीम यांतील बहुतेक फरक त्या एका गोष्टीतून उद्भवतात. ती गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ‘कोणता वर्ग अधिक पिकतो?’ या प्रश्नापूर्वी ‘कशाच्या मानाने अधिक?’ हा प्रश्न विचारावा लागतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

वाढीच्या सवयीचे स्वरूप

घेवड्याच्या खोडाचे टोक दोन प्रकारे वागते. काही वाणांत ठरावीक संख्येची पेरे निर्माण झाल्यावर त्या टोकाचेच फुलोऱ्यात रूपांतर होते. यानंतर मुख्य खोडाची वाढ होणे शक्य नसते. बाजूच्या फांद्यांचीही लवकरच तीच गत होते. या वाढीस मर्यादित वाढ म्हणतात. इतर वाणांत फुलोरे पानांच्या बेचक्यांत येतात आणि टोक मात्र पालवीचेच राहते. फुले लागत असतानाही वरच्या बाजूस नवी पेरे, नवी पाने व नवे फुलोरे येत राहतात. ही अमर्यादित वाढ होय.

परंतु अमर्यादित वाढीचा प्रत्येक वाण चढणारा असतोच असे नाही. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्रात या पिकाच्या वाढीच्या सवयींचे जे वर्गीकरण रूढ झाले, त्यात चार प्रकार मानले आहेत. पहिला प्रकार मर्यादित वाढीच्या झुडपांचा. दुसरा अमर्यादित वाढीचा, परंतु ताठ उभा राहणारा व आखूड शेंड्याचा. तिसरा जमिनीवर पसरणारा. आधार मिळालाच तर त्यावर अल्पसा चढणारा. चौथा प्रकार खऱ्या वेलींचा. या चौथ्या प्रकारातही पुन्हा दोन उपप्रकार आहेत. एकात शेंगा वेलीच्या सर्व लांबीवर विखुरलेल्या असतात, तर दुसऱ्यात त्या मुख्यतः वरच्या भागात लागतात. लागवडीच्या दृष्टीने हा उपभेद गौण नाही. ज्या वेलीच्या शेंगा वरच लागतात, तिला आखूड काठी दिल्यास पिकाचा मोठा भाग हातचा जातो.

वेलीच्या चढण्यात आणखी एक क्रिया अंतर्भूत आहे. तिचे कोवळे टोक वर्तुळाकार फिरत आधाराचा शोध घेते आणि आधार सापडताच त्याला वेढे घालते. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या चढणाऱ्या वनस्पतींवरील निबंधात घेवड्याच्या या फेऱ्यांची वेळ नोंदविली असून एक फेरा सुमारे दोन तासांत पुरा होतो असे त्यांना आढळले. घेवड्याला प्रतान म्हणजे ताणे नसतात. खोड स्वतःच वेढे घेते. यामुळे जाळीदार मांडवापेक्षा उभी काठी अथवा उभी सुतळी त्याला अधिक मानवते.

खुजेपणाचा आनुवंशिक आधार

वेल व झुडूप यांच्या संकराचा अभ्यास आनुवंशिकीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली वाचलेल्या व १८६६ साली छापल्या गेलेल्या निबंधात वाटाण्याखेरीज घेवड्याच्या संकरांचाही समावेश आहे. त्यांनी बुटका घेवडा व वेलीचा घेवडा यांना स्वतंत्र जातिनामे दिली होती. पण त्यांच्या संकरात वाटाण्याचाच नियम लागू पडतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९१५ साली नॉर्टन यांनी घेवड्याच्या वाढीची सवय हा एकसंध गुण नसून निरनिराळ्या घटकांचा संयोग आहे, असे प्रतिपादन केले.

विद्यार्थ्यांनी येथे एका समान शब्दामुळे होणारा घोटाळा टाळला पाहिजे. मेंडेल यांचा बुटका वाटाणा आणि बुटका घेवडा यांचा बुटकेपणा एक नव्हे. वाटाण्यात पेरांमधील अंतर आखूड होते. वाढीस कारणीभूत असणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती घटल्याचा तो परिणाम आहे. तेथे टोकाची वाढ थांबत नाही. घेवड्याच्या खऱ्या झुडपांत मात्र टोकच फुलोऱ्यात संपते आणि त्यामुळे पेरांची संख्याच मर्यादित होते. हा गुण अप्रभावी असून त्याचे नियंत्रण करणारे मुख्य जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत खोडाचे टोक पालवीचे ठेवणारे जे जनुक सुपरिचित आहे, त्याच्याशी घेवड्याचे हे जनुक समधर्मी असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासातून असेही निष्पन्न झाले की, लागवडीखालील घेवड्यात मर्यादित वाढीचा उगम एकदाच झालेला नसून अनेकदा व स्वतंत्रपणे झालेला आहे.

या शेवटच्या निष्कर्षाचा अर्थ लक्षणीय आहे. रानटी घेवडा हा मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत झाडाझुडपांवर चढणारा वेल आहे. मध्य अमेरिका व अँडीज पर्वतप्रदेश या दोन ठिकाणी तो स्वतंत्रपणे लागवडीखाली आला आणि तेथील शेतकऱ्यांनी मक्याच्या ताटालाच त्याचा आधार बनविले. तरीही झुडपे पुनःपुन्हा निवडली गेली. ज्या अर्थी मनुष्याने हा गुण वारंवार जपला, त्या अर्थी लवकर व एकदम पिकणाऱ्या, आधाराची अपेक्षा न ठेवणाऱ्या घेवड्याची गरज वेगवेगळ्या ठिकाणी भासली असली पाहिजे. अर्थात त्यामुळे वेली नाहीशा झाल्या नाहीत. दोन्ही प्रकार हजारो वर्षे शेजारी शेजारी टिकले, हीच गोष्ट त्यांच्यातील श्रेष्ठकनिष्ठतेचा वाद निरर्थक ठरविण्यास पुरेशी आहे.

उत्पन्न कशाच्या मानाने मोजावे?

आता उत्पन्नाचा विचार करू. हिरव्या शेंगांसाठी घेतलेल्या पिकात चांगल्या व्यवस्थापनाखाली झुडपांपासून हेक्टरी साधारणतः ८ ते १० टन व वेलींपासून १२ ते १५ टन उत्पन्न अपेक्षितात. झुडपांचा पहिला तोडा पेरणीनंतर ४५ ते ५५ दिवसांनी येतो आणि तीन-चार तोड्यांत पीक आटोपते. वेलींचा पहिला तोडा ६० ते ७० दिवसांनी सुरू होऊन पुढे सहा ते आठ आठवडे चालतो.

उदाहरणादाखल झुडपांचे उत्पन्न ९ टन व कालावधी ७० दिवस, आणि वेलींचे उत्पन्न साडेतेरा टन व कालावधी ११० दिवस असे धरू. हेक्टरी उत्पन्नात वेल दीडपट पुढे आहे. पण तेच उत्पन्न जमीन अडकून राहिलेल्या दिवसांनी भागिले असता झुडपांचे दररोज हेक्टरी सुमारे १२९ किलो व वेलींचे सुमारे १२३ किलो पडते. म्हणजे वेलीची आघाडी नाहीशी होते. यात पुन्हा प्रत्येक पिकामागे मशागतीचे १५ दिवस मिळविल्यास झुडपांचे १०६ व वेलींचे १०८ किलो होते आणि पारडे किंचित उलट बाजूस झुकते. या गणितातील आकडे केवळ दृष्टांतासाठी आहेत; तथापि त्यातील तत्त्व आकड्यांवर अवलंबून नाही. वेलीचे अधिक उत्पन्न हे मुख्यतः अधिक काळ चाललेल्या वाढीचे फळ आहे. ज्या शेतकऱ्यास त्या अधिक काळात दुसरे पीक घेता येते, त्याला वेलीचा लाभ मिळेलच असे नाही. ज्याला पाण्याअभावी अथवा हंगामाअभावी दुसरे पीक घेता येत नाही, त्याला मात्र तो पुरेपूर मिळतो.

बियाण्याच्या मानाने हिशेब केल्यास चित्र सर्वस्वी पालटते. झुडपे ४५ × १५ सेंटिमीटर अंतरावर लावली तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे बसतात. वेली एक मीटर अंतराच्या ओळींत ३० सेंटिमीटरवर, प्रत्येक ठिकाणी दोन दाणे टोकून लावल्या तर सुमारे ६६ हजार ७०० दाणे पुरतात. दाण्याचे वजन सरासरी ३०० मिलिग्रॅम धरल्यास झुडपांना सुमारे ४४ व वेलींना २० किलो बियाणे निव्वळ गणिताने लागेल. उगवणीतील तूट भरून काढण्यासाठी प्रत्यक्षात दोन्हीकडे त्याहून अधिक वापरतात. घेवड्याचे बियाणे ठोकळ व महाग असते. ज्याला घरचे बियाणे राखावे लागते, त्याच्या दृष्टीने पेरलेल्या दर किलोमागे मिळणारा परतावा हा हेक्टरी उत्पन्नाहून महत्त्वाचा ठरू शकतो आणि त्या कसोटीस वेल निर्विवादपणे उतरते.

मजुरीच्या मानाने पाहिले तर मात्र वेलीची बाजू लंगडी पडते. दर हेक्टरी ३३ हजारांहून अधिक ठिकाणी काठ्या रोवणे अथवा तार ओढून सुतळ्या बांधणे, भरकटलेले शेंडे आधारावर घेणे आणि दर तीन-चार दिवसांनी तोडा करणे हे सर्व काम हातांनीच करावे लागते. सहा आठवड्यांच्या तोडणीत दहा-बारा फेऱ्या होतात. पक्व शेंगा वेलीवर राहू दिल्यास पुढील फुलधारणा मंदावत असल्याने फेरी चुकविणेही परवडत नाही. तथापि एक गोष्ट येथे विसरता कामा नये. वेलीच्या शेंगा उभ्याने तोडता येतात, तर झुडपांच्या शेंगांसाठी सबंध वेळ वाकून राहावे लागते. एका मजुराने एका दिवसात तोडलेल्या शेंगांचे वजन पाहिले तर वेलीची तोडणी महाग पडतेच असे नाही. वेलीचा खरा बोजा काम लांबण्यात व ते टाळता न येण्यात आहे. ज्या घरात काम करणारी माणसे आहेत पण जमीन तोकडी आहे, त्या घराला हा बोजा नसून रोजगार आहे. ज्याला प्रत्येक फेरीस बाहेरून मजूर आणावे लागतात, त्याला तो खर्च आहे.

दोन देश, दोन दिशा

उपरोक्त विवेचन केवळ कागदी नाही, हे दोन देशांच्या अनुभवावरून दिसून येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओरेगॉन राज्यातील विल्यामेट खोऱ्यात ‘ब्ल्यू लेक’ नावाच्या वेलवर्गीय घेवड्याची डबाबंदीसाठी मोठी लागवड होत असे. त्याची गोल, मांसल व अल्पतंतू शेंग डबाबंदीस उत्कृष्ट समजली जाई. खांब, तारा व सुतळ्या यांच्या आधारावर वाढलेले हे पीक हातांनी तोडले जाई आणि उन्हाळी सुटीत शाळकरी मुलेही त्या कामावर असत. शेंग तोडणारी यंत्रे प्रचारात आल्यावर व मजुरी वाढल्यावर हा सर्व व्यवहार डळमळू लागला. यंत्राला वेल चालत नाही. त्याला एकाच वेळी पक्व होणाऱ्या शेंगांचे ताठ झुडूप हवे असते. तेव्हा ब्ल्यू लेकच्या शेंगेचे गुण झुडपात उतरविण्याचे पैदास-कार्य ओरेगॉन राज्य विद्यापीठात १९५० व १९६० च्या दशकांत नेटाने चालले. काम सोपे नव्हते. कारण शेंगेचा दर्जा, खोडाचा ताठपणा व शेंगांची एकसमान पक्वता हे सर्व गुण एकत्र येण्यास अनेक पिढ्यांची निवड लागली. अखेर झुडपांनी वेलीची जागा घेतली आणि त्या खोऱ्यातील खांबांवरचा घेवडा जवळजवळ नामशेष झाला.

आफ्रिकेतील रवांडा देशात याच्या नेमके उलट घडले. तेथे घेवडा हे चैनीचे भाजीपीक नसून दैनंदिन आहारातील प्रथिनांचे मुख्य साधन आहे. आफ्रिकेतील सर्वांत दाट लोकवस्तीच्या देशांत त्याची गणना होते आणि बहुसंख्य कुटुंबांची जमीन एक हेक्टरहूनही कमी असते. वेलवर्गीय घेवडा पूर्वी मुख्यतः वायव्येकडील उंच ज्वालामुखी प्रदेशात होता. इतरत्र झुडपेच लावली जात. १९८० च्या दशकापासून तेथील राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्था व वर उल्लेखिलेले आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी मिळून सुधारित वेलींचा देशाच्या इतर भागांत प्रसार केला. मूळच्या मेक्सिकोतील एक वाण तेथे ‘उमुबानो’ या नावाने प्रसृत झाला. करपा रोगाला तो चांगला तोंड देतो. झुडपांना ग्रासणाऱ्या मूळकुजीपुढे वेली अधिक टिकाव धरतात, हेही त्यांच्या स्वीकाराचे एक प्रमुख कारण होते. दाण्यांचे उत्पन्न अनुकूल परिस्थितीत झुडपांच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जाते. जेथे जमीन वाढविता येत नाही, तेथे शेतकऱ्याने पीक आकाशाच्या दिशेने वाढविले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या यशाची एक किंमत आहे. तेथे हेक्टरी ५० हजारांपर्यंत काठ्यांची शिफारस केली जाते. एवढ्या काठ्या कोठून आणावयाच्या? हत्तीगवताचे दांडे एक-दोन हंगामांत कुजतात. निलगिरीच्या फांद्या अधिक टिकतात, पण त्यांना जमीन लागते. गरीब शेतकऱ्याची वेल अनेकदा बियाण्यावाचून नव्हे, तर काठीवाचून अडते. म्हणून बांधांवर जलद वाढणारी झाडे लावणे, काठ्यांऐवजी सुतळी वापरणे, असे उपाय तेथे वेलीच्या वाणांइतकेच महत्त्वाचे ठरले आहेत.

ओरेगॉनने वेल सोडून झुडूप पत्करले आणि रवांडाने झुडूप सोडून वेल पत्करली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. एका ठिकाणी मनुष्यबळ दुर्मिळ होते, दुसऱ्या ठिकाणी जमीन. जी वस्तू सर्वांत दुर्मिळ, तिच्या मानाने उत्पन्न मोजावे, हे सूत्र या दोन उदाहरणांतून निघते.

हवामान व रोग

वरील सूत्रास हवामानाची मर्यादा आहे. घेवडा थंडीला भितो आणि उष्णतेलाही भितो. त्याला धुके पडण्याइतका गारवा सोसतो, परंतु कडाक्याचे दहिवर सोसत नाही. दैनिक सरासरी तापमान १६ ते २४ अंश सेल्सियसच्या दरम्यान असता त्याची वाढ उत्तम होते. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊन रात्रीही उष्ण राहू लागल्या म्हणजे परागकण निकामी होतात व फुले गळतात. फुलोऱ्याचा काळ हाच या पिकाचा नाजूक काळ होय.

झुडपाची फुले सुमारे दोन आठवड्यांत आटोपतात. हा काळ अनुकूल गेला तर पीक निर्वेध हाती येते. परंतु त्याच सुमारास उष्णतेची लाट आली वा पाण्याचा ताण पडला तर भरपाई करण्यास झुडपाजवळ काही शिल्लक नसते. वेलीचे तसे नाही. तिचे खालचे फुलोरे गळाले तरी परिस्थिती सुधारताच वरचे फुलोरे शेंगा धरतात. म्हणजे हवामान लहरी परंतु हंगाम लांब असेल तर वेल सुरक्षित. हवामान निश्चित परंतु हंगाम आखूड असेल तर झुडूप सुरक्षित. याखेरीज अनेक पारंपरिक वेली लहान दिवसांना प्रतिसाद देणाऱ्या असतात. दुसऱ्या अक्षांशावर वा भलत्या हंगामात नेल्यास त्यांची पालवी फोफावते आणि फुले लांबणीवर पडतात. एका प्रदेशात नावाजलेली वेल दुसरीकडे थेट शिफारशीत घालू नये, त्याचे हे एक कारण.

रोगांच्या बाबतीतही सरसकट विधान करता येत नाही. करपा रोगाची बीजुके पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात. झुडपांच्या शेंगा जमिनीलगत लोंबत असल्याने त्यांवर चिखल उडतो व त्या कुजतात. वेलीच्या शेंगा वर असतात आणि ओळींतून वारा खेळतो. मात्र तांबेऱ्यासारखा रोग एकाच हंगामात अनेक पिढ्या पुऱ्या करतो आणि वेल जितकी अधिक काळ शेतात, तितकी त्याला संधी अधिक. झुडूप अशा रोगातून पुष्कळदा केवळ लवकर निघून गेल्यामुळे सुटते. नत्र-स्थिरीकरणाबद्दल एवढेच सांगणे पुरे आहे की, घेवडा हे कडधान्यांत त्या बाबतीत दुबळे पीक आहे; तथापि दीर्घकाळ वाढणाऱ्या वेली अल्पमुदतीच्या झुडपांहून अधिक नत्र स्थिर करतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात लागवडीखाली बहुतांशी झुडपे आहेत आणि त्याची कारणे वरील विवेचनावरून स्पष्ट होतील. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा ‘वाघ्या घेवडा’ हे खरिपातील पीक दाण्यावरील पट्ट्यांमुळे त्या नावाने ओळखले जाते आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाच्या भरवशावर घेतलेले अल्पमुदतीचे पीक लवकर निघाले म्हणजे रब्बीसाठी रान मोकळे होते व पुढील पिकास बेवड मिळतो. येथे वेल लावून जमीन महिना-दीड महिना अधिक अडकविण्यात अर्थ नाही. भाजीसाठी ‘कंटेंडर’, ‘अर्का कोमल’, ‘पुसा पार्वती’ यांसारखे जे वाण आपल्याकडे परिचित झाले, तेही झुडूपवर्गीयच आहेत. उलट हिमालयाच्या उतारांवर राजमा मक्याबरोबर घेतला जातो. तेथे थंड हंगाम लांब असतो आणि मक्याचे ताट वेलीला विनामूल्य आधार देते.

मैदानी भागांत घेवड्यास अनुकूल असा काळ मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आहे. ऑक्टोबरच्या प्रारंभी पेरलेली वेल डिसेंबर-जानेवारीत भरपूर तोडे देऊ शकेल. तीच वेल जानेवारीत पेरली तर तिचा भर मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडेल आणि जिच्यावर तिची सगळी आघाडी अवलंबून आहे ती दीर्घ तोडणी मिळणारच नाही. तेव्हा उशिराच्या पेरणीस झुडूपच योग्य.

असे असले तरी महाराष्ट्रात वेलीला स्थान नाही असा निष्कर्ष घाईचा ठरेल. जुन्नर-नारायणगाव भागात व नाशिककडे टोमॅटोसाठी बांबू, तार व सुतळी यांचा आधार उभारला जातो. हा खर्च एका पिकावर न टाकता टोमॅटो निघाल्यावर त्याच आधारावर वेलवर्गीय घेवडा घेतला, तर वेलीचा सर्वांत मोठा खर्च निम्म्यावर येतो. शिवाय टोमॅटोनंतर कडधान्यवर्गीय पीक येणे फेरपालटाच्या दृष्टीनेही इष्ट आहे. परसबागेत तर वेलच अधिक सोयीची. कारण कुटुंबाला एकदम दहा किलो शेंगा नको असतात, तर दोन महिने दर आठवड्यास थोड्या हव्या असतात. बाजारासाठी पिकविणाऱ्यास मात्र झुडपांच्या दोन-तीन वाफ्यांची पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरणी करून तोडणी लांबविता येते. हा वेलीचा पर्याय म्हणून पुष्कळदा पुरेसा असतो.

तुलनात्मक प्रयोगांविषयी

पदव्युत्तर विद्यार्थी वाणांचे तुलनात्मक प्रयोग नित्य आखतात. त्यांच्यासाठी येथे काही सूचना करणे अप्रस्तुत होणार नाही. पहिली सूचना अशी की, वेल व झुडूप एकाच अंतरावर लावून तुलना करू नये. समान अंतर वरकरणी निःपक्षपाती वाटते. वस्तुतः ते दोहोंपैकी एकावर अन्याय करते. प्रत्येक वर्गास त्याचे स्वतःचे योग्य अंतर देऊन मगच तुलना करावी. दुसरी, वेलीच्या वाफ्याची सावली शेजारच्या झुडपांवर पडते; म्हणून दोन्ही वर्गांच्या वाफ्यांमध्ये पुरेशा कडेच्या ओळी सोडाव्यात आणि त्यांचे उत्पन्न हिशेबात धरू नये. तिसरी, केवळ एकूण उत्पन्न न नोंदविता प्रत्येक तोड्याचे वजन तारखेनिशी नोंदवावे. मगच दररोजचे उत्पन्न व बाजारभावाशी त्याचा मेळ काढता येतो. चौथी, आधाराचा खर्च एका हंगामावर न टाकता तो आधार जितके हंगाम टिकेल तितक्यांत वाटून द्यावा. पाचवी सूचना मजुरीच्या तासांविषयी. आधार, खुरपणी व तोडणी यांचे तास निरनिराळे लिहिले नाहीत, तर पुढे निष्कर्ष काढताना तेच नेमके आठवणीने भरावे लागतात.

प्रयोग अशा रीतीने केला नाही तर त्याच्या निष्कर्षावर आधारलेली शिफारस ज्याच्या शेतात जाते, त्याचा हंगाम वाया जाण्याचा संभव असतो. हेक्टरी उत्पन्नाचा एकच आकडा पाहून तोकड्या पाण्याच्या शेतकऱ्याने वेल लावली, तर तारेचे व बांबूचे कर्ज त्याच्या अंगावर राहते आणि पीक उन्हात गळून जाते. प्रयोगशाळेत ही बाब तक्त्यातील एका ओळीपुरती असते; त्या घरात ती वर्षाची मिळकत असते.

समारोप

सारांश, जातिनिवड करताना प्रश्नांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम, घेवड्यास मानवणारा हंगाम किती दिवसांचा आहे? तो ८० दिवसांहून कमी असेल तर विचार तेथेच संपतो. झुडूपच लावले पाहिजे. हंगाम लांब असेल तर दुसरा प्रश्न, त्या अधिक दिवसांत दुसरे लाभदायक पीक येऊ शकते काय? येत असल्यास वेलीची आघाडी पुन्हा मोजून पाहावी. तिसरा, आधार आयता अथवा स्वस्त मिळतो काय? चौथा, तोडणीस घरची माणसे आहेत की प्रत्येक फेरीस मजूर शोधावे लागणार? आणि शेवटी, उत्पन्न एकदम हवे की हळूहळू? हे पाच प्रश्न सुटल्यावर वाणांची नावे पाहावयास घ्यावीत, त्यापूर्वी नव्हे.

वेल व झुडूप या दोन टोकांमध्ये दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारचे वाणही आहेत, याची आठवण अखेरीस करून देणे उचित होईल. अल्प आधारावर वा आधाराविनाही वाढणारे, तरीही झुडपाप्रमाणे एकदम न संपणारे हे वाण कोरडवाहू राजम्यासाठी विचारार्ह आहेत. आपल्या हवामानात त्यांची कसोटी पद्धतशीरपणे पाहणे हे या विषयातील एक उपयुक्त संशोधनकार्य ठरेल.